रमजानच्या चाळीस दिवस आधी

झहूरताईस,

काल फोनवर तू विचारलंस, "बुशाइब, सोडलीस ना रे?" मी म्हणालो, "सोडली, ताई." ते खोटं होतं.

रमजानच्या चाळीस दिवस आधी बाटली बंद, हे इथे कॅसाब्लांकात आमच्या गल्लीतला प्रत्येक पिणारा पाळतो. अंगात दारूचा अंश राहिला तर रोजा कबूल होत नाही म्हणतात. मीही वीस वर्षं पाळलं. त्याच जोरावर तू शेजारणीला ठणकावायचीस, "माझा भाऊ पितो, पण दारुडा नाही. ठरल्या दिवशी सोडून दाखवतो!"

या वर्षीही सोडली, एक दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी हात असे थरथरले की चहाचा पेला सांडला. चहावाला म्हणाला, "थंडी वाजते का रे?" मी हो म्हणालो. संध्याकाळी बाटली आणली.

का पितोस, असं तू कधी विचारलं नाहीस. दिवसभर बस चालवतो, लोकांची बोलणी खातो. घरी आलो की 'आलास?' म्हणायला कुणी नसतं. दोन पेल्यांनंतर ते बोचत नाही. एवढंच आहे गं, यापेक्षा मोठं दुःख असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

हे पत्र मी पाठवणार नाही. कारण काल माझं 'सोडली' ऐकल्यावर तू फोनपासून तोंड वळवून कुणाला तरी म्हणालीस, "ऐकलंस? सांगत नव्हते मी!"

तुझा भाऊ,
बुशाइब

('भाऊ'च्या आधी 'दारुडा' लिहून खोडलंय. तरी वाचता येतंय.)