झेंडा पाळण्याला लावू दिला नाही

आई,

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत, घाबरू नको. तुझे गुडघे कसे आहेत?

सकाळी नर्स पाळण्याला कागदी झेंडा लावायला आली. "ऑस्ट्रेलिया दिनाचं बाळ, पेपरात फोटो येईल," म्हणाली. मी झेंडा चुरगाळला. म्हटलं, "आम्हा मूळच्या माणसांच्या मुलखात गोऱ्यांची जहाजं आली तो हा दिवस. पुढे त्यांच्याच सरकारनं माझ्या आजीला तिच्या आईच्या कुशीतून उचलून नेलं. आम्ही कसला सण करायचा?"

"किती गं तिरसट तू," म्हणाली. आता बालकल्याणवाली बाई येणार आहे, उद्या, बाळ माझ्याकडे राहू द्यायचं का ते ठरवायला.

डेस्मंड ही चिठ्ठी आणतोय, त्याच्याच गाडीत बसून ये. धुरीला आपल्या नदीकाठचा पाला आण. रूबी मावशीलाही आण, तिच्या तोंडाला कुणी लागत नाही.

तोवर हिला मी पाळण्यात ठेवत नाही.

तुझी,
डार्लीन