मशीनलाच विचारलं

२ जून, सोमवार
आलं — धाकट्या मृणालीसाठी कंप्युटर, एक. मनोजने पुण्याहून धाडला. किंमत त्यानेच भरली, आकडा सांगत नाही. कुरियरच्या पडघ्याच्या गोदामापासून आमच्या कामतघरपर्यंत टेम्पो ४००. हमाली ५०. नारळ ४०.
आधी देवीपुढे ठेवला, मग वायर लावली. काळा चकचकीत खोका, वर 'आय सेव्हन' प्रोसेसरचा स्टिकर. मनोज फोनवर म्हणाला, "नवा कोरा आहे, आई. मला माझा जुना आहे ना कामाला." खोलीवर बसून कंपनीचं काम तो त्याच्यावरच करतो.

३ जून
घरांचे नकाशे काढायचं मृणालीचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. क्लास सोमवारी सुरू!
ती म्हणाली, "स्टिकर काय, कोणीपण चिकटवेल. मशीनलाच विचारते." स्क्रीनवर काळी खिडकी उघडली, 'डब्ल्यूएमआयसी सीपीयू' असं काहीतरी टाइप केलं, एंटर. उत्तर आलं — आय थ्री. कोअर दोनच. मृणाली म्हणते, दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर.
हे हसले — "घातली टोपी पुण्याच्या दुकानदारानं! तुझा हुशार लेक ना तो?"
मला नाही हसू आलं. पैसे परत घेणार.

४ जून
मनोजला फोन. दुकानाचं नाव दे म्हटलं. "राहू दे गं. चालतोय ना?" — चालतोय कुठे, रांगतोय! हसला. बिल मागितलं तर "मीटिंग आहे" म्हणून ठेवला.

५ जून
दुकानदाराला दाखवायला आतला फोटो हवा, म्हणून मृणालीने बाजूचा पत्रा काढला. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या कडेला लाल डाग. त्यात एक तांदूळ चिकटलेला.
तीन वर्षांमागे दसऱ्याला मनोजच्या कंप्युटरची पूजा केली होती. वरच्या पत्र्याला कुंकू लावून आतल्या यंत्राला काय पोचणार? उघडायलाच लावला. "आई, शॉर्ट होईल गं!" ओरडला होता. तरी लावलं, अक्षता टाकल्या.
खोका बदलला. स्टिकर लावला. कुंकू पुसलं नाही त्याने.
मृणालीने पत्रा परत लावला. मग म्हणाली, "मग दादा काम कशावर करतो?"

६ जून, शुक्रवार
देवीची ओटी भरली. मनोजला पोस्टाने पाकीट टाकलं. फोनवर हसून सुटतो, कागदावर खोटं लिहिणार नाही. एवढंच लिहिलं — चि. मनोज, नोकरी कधीपासून नाही? कंप्युटर परत धाडू, की तूच घरी येतोस? उलट टपाली कळव.