टाकी काठोकाठ

२८ सप्टेंबर, रविवार. बारामती
इंदापूरचं भाषण जमलं. विषय श्रम. "ज्या अवजारानं पोट भरतं त्याला ओवाळा, दगडाला नंतर," म्हणालो. टाळ्या. पिंपळीच्या माझ्या मळ्यावरच्या बायका टेम्पोनं आल्या होत्या. त्यांत शालन पुढंच बसलेली. तिचा नवरा हणमंता मळा बघतो. डाळिंबाच्या ओळींत गवत कमरेएवढं वाढलंय, म्हणून पेट्रोलवरचं गवत कापायचं मशीन घेतलं. आता तरी सबबी संपतील.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. पिंपळी
अवजारांची पूजा. हणमंता सकाळपासून गवत कापत होता. मशीन तसंच पडवीत आणून ठेवलं, झेंडूची माळ घातली. पाहुणे जमलेले. म्हटलं, रिकाम्या टाकीची पूजा करतात का? काठोकाठ भर.
"तात्या, मशीन तापलंय. पंधरा मिन्टं गार हुंद्या. आन् हितं पडवीत नगं, भायेर भरतो. दुकानदारानं बजावलंय."
"का रं, मशीनला पण चहाची सुट्टी लागती व्हय?"
सगळे हसले. तोही हसला, मान खाली घालून. कोल्ड्रिंकच्या बाटलीतनं ओतलं. वर आलं, सांडलं, फरशीवर ओघळ. तो फडकं शोधायला वळला तोवर शालन निरांजन घेऊन पुढं आली. ओवाळायला. माझंच वाक्य पाळायला.
भपकन पेटलं. तिचा उजवा हात, पदर. हणमंतानं पोतं टाकून विझवलं.
मी मागं सरलो होतो. पाठीला भिंत लागली तेव्हा कळलं.

२ ऑक्टो., दसरा
दवाखाना. उजवा हात कोपरापर्यंत. बोटांचं डॉक्टर काही बोलत नाहीत.
बाई भाजली म्हटल्यावर पोलीस आले. पहिला संशय नवऱ्यावर. भांडण होतं का, दारू पितो का. हणमंताला बाकावर बसवून ठेवलेला, हाताला फोड, तोंडाला काजळी. मला विचारलं.
"पेट्रोल हणमंतानं भरलं," मी सांगितलं.
एक शब्द खोटा नाही. जन्मभर शब्दांवर जगलो. कुठं थांबायचं ते मला कळतं.

४ ऑक्टो.
घरी आमची ही बोलत नाही. जेवायला वाढताना एवढंच, "संपली का हणमंताची चहाची सुट्टी?" ताट सारून उठलो. तिनं ते उचललंही नाही. संध्याकाळपर्यंत तिथंच, माश्या बसलेल्या.
गावात उठवलंय की हणमंता बिडी ओढत होता. त्यानं आयुष्यात बिडी ओढली नाही. पारावर तिघांनी मला विचारलं, खरं का तात्या? मी उसासा टाकला. उसासाही व्यासपीठावरचा. प्रत्येकानं त्यातून हवं ते घेतलं.

७ ऑक्टो.
शालनला बघून आलो. हात पट्ट्यांत. हनुवटीची कातडी सोललेली. म्हटलं, होशील बरी.
"व्हईन की. डाव्या हातानं डाळिंब तोडायचं शिकते आता."
मग, "आमच्या मालकास्नी दोनदा नेलं ठाण्यात. मी सांगितलं, माझ्याच हातनं झालं. तर म्हणत्यात, बाई नवऱ्याला वाचवती. माझं कुणाला खरं वाटंना, तात्या. तुमचं वाटंल. तुमी लई चांगलं बोलता."


१० ऑक्टो. सुपे
आधी ठरलेलं भाषण. पुन्हा श्रम. मंडपाबाहेर एक माणूस तसल्याच मशीननं गवत काढत होता. पेट्रोल संपलं. मशीन बंद करून मोकळ्या जमिनीवर ठेवलं आणि शेजारी बसला. नुसता बसला. माझी ओळख करून देणं चाललं होतं, तेवढा सगळा वेळ. मग उठून हात लावून बघितला. कॅनमधून भरलं, वर दोन बोटं जागा ठेवून. झाकण घट्ट, सांडलेलं फडक्यानं पुसलं. मशीन उचलून कॅनपासून दहा-बारा पावलं लांब नेलं, तिथं दोरी ओढली.
त्याला कोणी हसलं नाही.
पुढं मी काय बोललो आठवत नाही. अवजाराला ओवाळा, हे मात्र तोंडातून गेलं. टाळ्या त्याच जागी.

१२ ऑक्टो., रविवार
हणमंता आला. चहा घेतला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा.
"उद्या अकराला ठाण्यात बोलावलंय. पडवीत कोण काय म्हणालं ते तात्यांनी सांगावं, मग बघू म्हणत्यात."
म्हटलं, माझी गाडी दुरुस्तीला आहे, बघू कसं जमतं.
"मोटारसायकल हाय की. मी नेतो."
आतून ही म्हणाली, "येतील ते. दहाला तयार असतील."
तो पायऱ्या उतरला, परत वळला. आवाज अजिबात चढवला नाही.
"वाटंत पंपावर पेट्रोल भरायचंय. मी भरस्तवर तुमी लांब हुबं ऱ्हावा, तात्या. तुमाला सवय हाय."