यार्मोचं एन्झाइम

३ ऑक्टोबर, शुक्रवार
यार्मोला जाऊन आठ महिने झाले. आज त्याचं एन्झाइम करायला घेतलं.

त्याचं म्हणजे — त्याच्या जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं, तोच बदल करून कीटकांच्या पेशींकडून करवून घेतलेलं. शरीरातले धागे एकमेकांना बांधायचं काम या एन्झाइमचं. ते झालं नाही तर महाधमनीची भिंत सैल पडते, एक दिवस फाटते. यार्मोची फाटली, ओउलू शहराच्या बाहेर, स्कीच्या वाटेवर. माझा धाकटा भाऊ. सत्तेचाळीस वर्षांचा.

निरोगी माणसाचं हेच एन्झाइम मी तीस वर्षं प्रयोगशाळेत करते आहे. पुरून आल्यावर कॉफी घेताना त्याची बायको तूया सगळ्यांसमोर म्हणाली, “ताई, साऱ्या जगाला पुरवता. घरात कधी डोकावून पाहावंसं नाही वाटलं?”

मी रिकामे कप गोळा करायला लागले.

७ ऑक्टोबर
यार्मोच्या मुलीत, ईरिसमध्येही तेच अक्षर आहे. बापाचं. तिला मूल हवंय. डॉक्टर म्हणतात, या बदलाचा अर्थ आजवर कुणाला माहीत नाही. एन्झाइम काम करत असेल तर खुशाल होऊ द्या. नसेल तर गरोदरपणातच धमनी फाटायची भीती.

“आत्या, वीस तारखेला मला बोलावलंय. तोवर होईल?”

“होईल,” म्हणाले. नवा कॉलम — एन्झाइम गाळून शुद्ध करायचं नळकांडं — यायला तीन आठवडे आहेत, हे नाही सांगितलं.

१० ऑक्टोबर
जुनाच कॉलम दोनदा धुऊन घेतला. काम सुरू.

१४ ऑक्टोबर
नळी गुलाबी झाली! जिवंत एन्झाइम असलं की होते. निरोगी एन्झाइमच्या ऐंशी टक्के काम.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, प्राध्यापक हिएताला, म्हणाले, “राइली, तुझ्या हातचं मी तपासत बसत नाही. डॉक्टरांना आजच कळवतो.”

ईरिस फोनवर आधी रडली, मग म्हणाली, “मुलगी झाली तर तुझं नाव नाही हं ठेवणार. फार जुनाट आहे.”

मग यार्मो कशाने गेला? डॉक्टर म्हणे रक्तदाब असेल. असेल.

१ नोव्हेंबर, शनिवार
थडग्यावर मेणबत्त्या लावायला तूया आणि मी. माझी तीनदा विझली.

“वाऱ्याकडे पाठ करा की, ताई. यार्मोला एवढं तरी जमायचं.”

मग माझी मेणबत्ती पेटवून देत, हळू आवाजात — “म्हणजे दोष कुणाचाच नव्हता ना?”

“नव्हता.” तिला बरं वाटलेलं दिसलं. मला वाटलं नाही. कुणाचाच दोष नसताना माणूस जातो, हे मला जास्त लागतं.

२ डिसेंबर
पाठवलेल्या लेखाच्या परीक्षकांनी प्रयोग पुन्हा करून मागितला म्हणून तोच जुना कॉलम काढला. त्यावर माझ्याच अक्षरात चिकटपट्टी — निरोगी एन्झाइमचं नाव.

आमच्याकडे प्रत्येक प्रथिनाचा कॉलम वेगळा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे मीच सांगते. हे एन्झाइम चिवट, धुतलं तरी चिकटून राहतं, हेही मीच सांगते.

एन्झाइम न घालता कॉलममधून नुसतं द्रावण सोडलं. जे उतरलं ते तपासलं.

नळी गुलाबी झाली.

३ डिसेंबर
हिएतालांना सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले.

“थोडंफार राहतंच गं मागे. किती असेल?”

“सगळंच असेल.”

“लेख पाठवून झालाय, राइली.”

“परत मागवा.”

तीस वर्षांत त्यांच्याशी असं बोलले नव्हते. ते म्हणाले, भावामुळे तुझं मन थाऱ्यावर नाही, आठवडाभर घरी बस. बरोबरच आहे. थाऱ्यावर असतं तर तीन आठवडे थांबले असते. घरी मात्र बसले नाही.

ईरिसला अजून काही सांगायचं नाही. आधी आकडा हातात हवा. दीड महिन्यापूर्वीही मी असंच म्हणायला हवं होतं.

५ डिसेंबर
महिन्यापूर्वी येऊन पडलेला नवा कॉलम आज उघडला. कोरा. पट्टीवर यार्मोचं नाव लिहिलं.

११ डिसेंबर
नळी पाण्यासारखी. दोन तास तिच्यासमोर बसले. आधी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, मग यंत्रावर. शेजारी निरोगी एन्झाइमची नळी लालबुंद, म्हणजे प्रयोग चुकलेला नाही.

शून्य.

१२ डिसेंबर, शुक्रवार
सकाळीच ईरिसला फोन लावला. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तीच म्हणाली, “आत्या, तुला कसं कळलं? आईलासुद्धा अजून सांगितलं नाही. सात आठवडे झाले.”

मी तिला आधी खाली बसायला सांगितलं.