मुलाने मोठ्याने वाचायचा कागद

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली ड्राफ्ट्समन (बाईसाठी वेगळा शब्द कारखान्यात नव्हता आणि माझ्याकरता कोणी तो आणलाही नाही), आज कोणाच्या धाकाने नव्हे, कोणाच्या भिडेने नव्हे, तर पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी रागात हे लिहून ठेवते. माझ्या डोळ्यांत नवी भिंगे आहेत, गुडघे जुने आहेत, डोके मूळचेच आहे. त्याबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे प्रत्येक मृत्युपत्र, मसुदा किंवा टिपण, विशेषतः माझ्या सर्व्हरवर ‘इच्छापत्र-अंतिम’ या नावाने असलेली फाइल, मी रद्द करते. त्या फाइलची सुरुवात माझी होती, शेवट माझा नाही. ते कसे, हे पुढे येईल.

१. हा कागद माझ्या मुलाने, माझ्या मुलीच्या समोर बसून, वकीलबाई आणि शेजारचे टेलर यांच्या देखत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचावा. मधले गाळू नये, घाईत गुंडाळू नये, खोकल्याचे निमित्त करू नये. असे केल्यास बँकेतील माझी ठेव त्याला मिळेल. न केल्यास ती टेलरांच्या शिवणवर्गाला जाईल आणि वकीलबाईंकडे ठेवलेले जाड पाकीट मुलाच्या कंपनीत पोहोचेल. तो तिथे माहितीच्या सुरक्षेचा प्रमुख आहे. पाकिटात काय आहे हे कलम ५ वाचताना त्याचे त्यालाच कळेल. वकीलबाई म्हणाल्या, “अहो, असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत.” मी म्हटलं, “मृत्युपत्र माझं आहे ना? मग मी लिहिणार.”

२. माझा ड्रॉइंग बोर्ड टेलरांना द्यावा. कापड बेतायला त्यांना सपाट फळी हवीच होती आणि एवढी सपाट फळी त्यांना बाजारात मिळणार नाही. टी-स्क्वेअर आणि गुण्येही सोबत घ्यावेत.

३. माझे खोडरबर आमच्या खात्याच्या साहेबांना पाठवावे. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे असून हयात आहेत. मी दर सहा महिन्यांनी चौकशी करते. पंपातून पाणी गळू नये म्हणून बसवायच्या सीलची नवी रचना मी अकरा महिने खपून काढली. साहेबांनी कोपऱ्यातले माझे नाव खोडून तिथे स्वतःची सही केली. मी विचारायला गेले तर म्हणाले, “अगं, सही कोणाची का असेना, पंप चालल्याशी मतलब.” त्या दिवसापासून माझा नियम झाला: दुसऱ्याच्या कामावर मी सही करत नाही आणि मी न केलेल्या चुकीवर तर मुळीच नाही. हा नियम मला किती महाग पडला तेही पुढे येईल. रबर वापरलेले आहे. तसेच द्यावे.

४. राहते घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, वरची खोली आणि जिना, मी माझ्या मुलीला एकटीला देते. इथे मुलाने थांबून पाणी प्यावे. कारण पुढचे कलम लांब आहे.

५. जिन्याखालच्या कपाटातील सर्व्हर. हे एका ऑफिसने मोडीत काढलेले मशीन मी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी आणले, साफ केले आणि त्यावर लिनक्स बसवले. माझी दोन हजारांवर ड्रॉइंग्ज, यजमानांचे फोटो आणि माझी मेल, सगळे त्यावर आहे. यजमान गेल्यावर वर्षभराने मुलाचा फोन आला.

“आई, त्यावर रिमोट डेस्कटॉप लावून ठेव. मी इथून लक्ष ठेवीन. अपडेट वगैरे तुला नाही जमायचं.”

“मशीन मी बसवलंय रे.”

“हो गं, पण सुरक्षा वेगळी गोष्ट आहे. आणि तो मॉनिटर काढून टाक. सर्व्हरला स्क्रीन लागत नाही.”

सुरक्षा वेगळी गोष्ट आहे, म्हणून मी ती नीट केली. राउटरवर एकच दार, म्हणजे पोर्ट, उघडे ठेवले, तेही नेहमीच्या क्रमांकाचे नाही. पासवर्डने कोणी आत येणार नाही, ज्याच्याकडे किल्लीची फाइल आहे तोच येईल. तीन वेळा चुकला की दार बंद. कोण, कुठून, किती वाजता आले आणि कधी गेले, याची नोंद आपोआप होते. जगातला कुठलाही उपटसुंभ आत शिरू नये म्हणून मी आठ दिवस मान मोडून बसले आणि किल्ली पोटच्या पोराच्या हातात दिली.

आता त्याला ठाऊक नसलेली गोष्ट. त्याने सांगितलेला प्रोग्रॅम बाहेरून येणाऱ्याला वेगळा, नवा डेस्कटॉप उघडून देतो. तो मी लावला. पण मी इथे लॉगिन असताना त्याच नावाने बाहेरून आत आले की समोर नुसता काळा पडदा यायचा. चार दिवस डोके आपटले, मग वैतागून तो काढला आणि दुसरा लावला. हा दुसरा नवे काही उघडत नाही. इथे जी स्क्रीन चालू आहे तीच तिकडे दाखवतो. तिकडे माऊस हलवला की इथला बाण हलतो. मुलाने फोनवर विचारले, “जमलं?” मी म्हटलं, “जमलं.” कसे जमले, हे त्याने विचारले नाही. आईला काय जमले याची चौकशी करायची या घरात कोणाला सवयच नव्हती.

मॉनिटरही मी टाकला नाही. काम चालू असताना बोर्डावर कापड टाकायचे नाही, ही आमच्या खात्याची शिस्त. भिंतीतून वायर काढून मी तो स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. मुलगा वर्षातून एकदा येतो, बाहेरच्या खोलीत तासभर बसतो आणि जातो. स्वयंपाकघरात त्याने कधी पाऊल टाकले नाही, त्यामुळे त्याच्या लेखी माझ्या सर्व्हरला डोळेच नव्हते.

तेव्हा रोज दहा ते बारा मी वाचनालयात असायची, हे त्याला माहीत होते. गेल्या मार्चमध्ये, माझ्या वाढदिवसाला, रस्त्यात चप्पल तुटली म्हणून मी अर्ध्या वाटेतून परत आले. लसूण सोलत बसले होते. फळीवरची स्क्रीन जागी झाली आणि बाण आपोआप चालू लागला. प्रथम वाटले, मशीन बिघडले. बाण माझ्या मेलमध्ये गेला. तिथे एक कप्पा उघडला, जो मी कधी केलेला नव्हता. त्यात एकच पत्र होते, माझ्या मुलीचे. माझ्या डोळ्यांसाठी अक्षर मोठे ठेवलेले असते, त्यामुळे मला इथून, हातात लसूण असताना, स्वच्छ वाचता आले: “आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा. डोळे बरे आहेत ना?”

मी उठेपर्यंत बाणाने ते निवडले आणि पुसून टाकले. स्क्रीन पुन्हा रिकामी झाली. दोन मिनिटांत फोन वाजला.

“हॅपी बर्थडे, आई! कोणाकोणाचे फोन आले?”

“तुझाच.”

“बघ. शेवटी मीच आहे हो तुला.”

मी “हो रे बाबा” म्हणाले. एवढे बोलताना मला किती कष्ट पडले, हे त्याला आज कळावे म्हणून लिहिते.

माझे मशीन दर तासाला सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवते. तेही त्याला माहीत नव्हते. त्या दुपारी मी त्या डिस्कवरून मुलीची बत्तीस पत्रे बाहेर काढली. अडीच वर्षांची. सगळी त्या चोरकप्प्यात परस्पर जात होती आणि तिथून पुसली जात होती. मी अडीच वर्षे समजत होते की पोरीने मला टाकले. एकतिसाव्या पत्राला माझ्या नावाने उत्तरही गेलेले होते: “येऊ नकोस. यापुढे लिहूही नकोस. आई.” तारीख पाहिली. त्या दिवशी मी दवाखान्यात, ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर पट्टी बांधून आडवी होते.

कलम १ मधील जाड पाकिटात या सगळ्या येण्याजाण्याच्या नोंदी आहेत.

६. मुलीने हे ऐकताना एक गोष्ट माझ्याविरुद्धही ऐकावी. यजमान गेले तेव्हा मुलाने घराचे एक कागदपत्र सहीसाठी आणले होते. तू म्हणालीस, “आई, न वाचता सही करू नकोस.” मी म्हणाले, “माझ्या मुलाबद्दल माझ्याच घरात बोलायचं नाही.” तू त्याच संध्याकाळी बॅग भरलीस. कागदावर मी सही केली नाही, पण ते तुला सांगितलेही नाही.

वाढदिवसाच्या संध्याकाळी मी तुला फोन केला. तुझे बोलणे मला शब्दन्‌शब्द आठवते.

“ते उत्तर मी लिहिलं नव्हतं,” मी म्हटलं.

“मग कोणी?”

“तुझ्या दादाने.”

“आई, तुझ्याच पत्त्यावरून आलंय. खाली तुझी सही आहे. चुकलं म्हण, मी आत्ता विसरून जाते. पण दुसऱ्याच्या गळ्यात घालू नकोस.”

एक शब्द म्हणायचा होता. मी म्हणाले, “न केलेल्या चुकीवर मी सही करत नाही.” तू फोन ठेवलास. त्यानंतर उचलला नाहीस. नोंदींची प्रत घालून मी टपालाने पाठवलेले पत्र न फोडता परत आले. तू हुबेहूब माझ्यावर गेली आहेस, आणि याचे मला इतके वाईट आयुष्यात कधी वाटले नव्हते. मृत्युपत्राच्या वाचनाला बोलावलेला माणूस येतोच, म्हणून हा कागद.

७. मुलाला मी पकडले का नाही, असे कोणी विचारेल. पकडले असते तर त्याने फोनवर चार अश्रू ढाळले असते आणि मी विरघळले असते. मी स्वतःला ओळखते. म्हणून वाचनालय सोडले आणि आठ महिने दहा ते बारा स्वयंपाकघरात बसून डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. मेमध्ये मी मुद्दाम ‘इच्छापत्र-अंतिम’ लिहून ठेवले: घर दोघांना समान. मंगळवारी बाण आला. त्याने ‘दोघांना समान’ काढले आणि ‘माझ्या मुलास संपूर्ण’ घातले. पुढच्या मंगळवारी त्याने मला ‘वृद्धापकाळाने विसराळू’ केले. जुलैत त्याच फाइलमध्ये मी यजमानांचे घड्याळही त्याच्या नावावर गेलेले पाहिले. एकदाही त्याने यजमानांचे फोटो उघडले नाहीत. मी वाट पाहत होते. ते उघडले असते तर कदाचित हा कागद जरा मवाळ झाला असता.

आणि दर रविवारी फोन: “आई, सर्व्हर व्यवस्थित आहे ना?”

“व्यवस्थित. तू बघतोसच की.”

८. म्हणून मुलाला मी मॉनिटर देते, आणि ज्या स्टुलावर बसून मी बघत होते ते स्टूल. दोन्ही त्याने आपल्या घरी, स्वतःच्या टेबलासमोर ठेवावीत. यजमानांचे घड्याळ मुलीला. मशीन मुलीला, पण बाहेरून आत येण्याचे दार वकीलबाईंच्या देखत कायमचे बंद करून. त्याची आज्ञा मी एका ओळीत लिहून कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटवली आहे. तिने ती स्वतः टाइप करावी, अवघड नाही.

९. शेवटचे. मुलाने आता बहिणीकडे बघावे आणि पुढचे वाक्य जसेच्या तसे म्हणावे: “ते उत्तर मी लिहिले होते.” म्हणेपर्यंत पान उलटू नये. वकीलबाई थांबतील, त्यांना घाई नाही.

यानंतर त्याने बहिणीचे एकतिसावे पत्र वाचावे. ते छोटे आहे: “आई, टेलरकाका म्हणाले तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. पट्टी असेपर्यंत तुला कोण बघणार? मी रविवारी येऊ का?”

त्या पत्राला माझे उत्तर खाली लिहिले आहे. तेही त्यानेच वाचावे, कारण माझ्या नावाने तिला उत्तर देण्याची त्याला सवय आहे. या वेळी ते खरोखर माझे आहे.

“चुकलं गं माझं. ये. किल्ली टेलरकाकांकडे ठेवली आहे.”

हे सर्व मी स्वतः, स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले आणि एकही शब्द खोडला नाही.

सही: (ड्रॉइंगच्या कोपऱ्यात करत असे तीच)

साक्षीदार, ज्यांना या कागदातून काहीही मिळत नाही आणि ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली:

१. डोळ्यांचे डॉक्टर. ऑपरेशनची तारीख आणि पट्टी, दोन्ही यांना माहीत आहेत.
२. वाचनालयाच्या ग्रंथपाल. मी आठ महिने का आले नाही, हे यांना आजच कळले.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, फळीवरच्या स्क्रीनसमोर.
दिनांक: १९ नोव्हेंबर, मंगळवार. वेळ: सकाळी साडेदहा. सही करताना बाण हलत होता.