लोटूचं पोतं आणि आमची संस्था

६ जानेवारी १९५७
आज शनवारा मोहल्ल्यात, आमच्या घरी, 'सातपुडा कोरकू कॉफी सहकारी संस्था' स्थापन. सेक्रेटरी मी. बाकीचे मेंबर यायचे आहेत. ध्येय: डोंगरातल्या कोरकू आदिवासींच्या मालाला योग्य भाव. मंडीतला व्यापारी दरवेळी पोत्यात नाक खुपसतो, माल वास मारतो म्हणतो आणि भाव पाडतो. हे आता बंद.
संकल्प: पहिलं पोतं विकलं जाईपर्यंत चहा वर्ज्य.

९ जानेवारी
शाळेतून आलो, डोकं दुखत होतं. अर्धा कप. औषध म्हणून घेतलेला चहा धरायचा नाही.

१३ जानेवारी
लोटू आला. गेल्या मे महिन्यात चिखलदऱ्याला हवापालटाला गेलो तेव्हा भेटलेला कोरकू शेतकरी. खांद्यावर पोतं, वर्षाची सगळी कॉफी. यंदा व्यापाऱ्याला नाही म्हणाला, निव्वळ माझ्या शब्दावर. महिन्याने येतो म्हणाला. मला भरून आलं. त्याच्यासाठी चहा केला. त्याला एकट्याला पाजणं बरं दिसेना.

१४ जानेवारी, संक्रांत
पोतं उघडलं. बिया हिरव्या! बिचाऱ्याने कच्चीच तोडली. माणूस चांगला, पण शास्त्रीय ज्ञान नाही. त्याला बोलायचं नाही, आपणच निस्तरायचं.
बायको उषा म्हणाली, मूठभर भाजून बघू का? हसू आलं. हिरवं केळं भाजून पिवळं होतं का? मग म्हणाली, लोटूला पत्र टाका. लोटूचा मेळघाट नोव्हेंबरपासून मुंबई राज्यात गेला, आम्ही इकडेच राहिलो. परराज्यात पत्र कधी पोचणार?

१६ जानेवारी
शाहपूर. गिरधरभाऊंची केळी पिकवायची खोली. हिरवा माल धुरात ठेवला की चार दिवसांत तयार, हे बघतच आपला जन्म गेला. पोतं घडांच्या मधोमध ठेवलं, धूर दिला, दार लिंपलं. गिरधरभाऊ म्हणाले, मास्तर, असं कोनी केलेलं पाह्यलं नाही भाऊ. म्हणूनच मी करतोय, असं सांगितलं.
त्यांनी चहा दिला. नाही म्हटलं असतं तर संस्थेचं नाव खराब झालं असतं.

२१ जानेवारी
खोली उघडली. केळी फर्स्ट क्लास. कॉफी हिरवीच. माल चिवट दिसतो. पुन्हा धूर.

२ फेब्रुवारी
चौथा धूर पुरा, पोतं घरी आणलं. कॉफी किंचित राखाडी. प्रोग्रेस.

१३ फेब्रुवारी
लोटू आला. पोत्यात हात घातला, मूठ नाकाशी नेली. मग म्हणाला, मास्तर, हे हिरवंच राहते. भुंजलं का काळं होते. माह्या पोरीलेबी मालूम हाय.
उषा माझ्याकडे बघत नव्हती. मी राज्य पुनर्रचनेतल्या अडचणी सांगायला लागलो. त्याने पोतं खांद्यावर घेतलं.

१४ फेब्रुवारी
लोटू त्याच व्यापाऱ्याकडे गेला. मीही मागोमाग, सेक्रेटरी या नात्याने. व्यापाऱ्याने पोत्यात नाक खुपसलं. माल वास मारतो म्हणाला. लोटूने माझ्याकडे पाहिलं. मी भांडेन असं त्याला वाटलं असावं.
मीही पोत्याला नाक लावलं: धूर आणि पिकलेली केळी. व्यापारी खरं बोलत होता.
पोतं विकलं गेलं. म्हणजे संकल्प पुरा झाला. उषाने न सांगता पूर्ण कप चहा पुढे ठेवला. मी तो तसाच परत सारला.