सातव्या मजल्यासाठी प्रीअँप

२ जून
नवी कवळी आली. मागच्या दोन खऱ्या दातांना तारेने अडकवली आहे. दंतवैद्य म्हणाले, हळूहळू सवय होईल. आरशात पाहिलं. वीस वर्षांनी तरुण दिसतो. बायको म्हणाली, दहा. दहा तर दहा.
तारेची मात्र काळजी वाटते. गिळली गेली तर?

५ जून
वरचे मास्तर आज पुन्हा भलत्याच मजल्यावर उतरले. राहतात सातव्यावर, उतरले पाचव्यावर. एक दार उघडं दिसलं, म्हणजे लागलं हाताला, तेव्हा आत जाऊन सोफ्यावर बसले. त्या घरच्या बाईंनी पाणी दिलं तर त्यांनाच विचारलं, आमच्याकडे सोफा कधी आला? काचबिंदूने नजर जवळजवळ गेली आहे. बटण चाचपून बरोबर दाबतात, पण मध्ये दुसऱ्या कुणासाठी लिफ्ट थांबली की फसतात.
त्यांची लेक परगावी असते. तिला हे कळलं. महिनाअखेरीला येते आहे. एकटं जमत नसेल तर सोबत घेऊन जाणार, कायमचं. मास्तर म्हणाले, जाईन, त्यात काय. आणि घोडा समजून उंट हलवला.
रोज संध्याकाळी आमचा बुद्धिबळाचा डाव असतो. सोंगट्या ते हाताने ओळखतात. या वयात दुसरा माणूस कुठून आणू, जो हरतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो?

६ जून
सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरी म्हणाले, लिफ्टचं नवं पॅनल बोलू शकतं. कुणीतरी तळमजला ते आठवा मजला असं रेकॉर्ड करून द्या, मेकॅनिक आत भरून देईल. मी लगेच हात वर केला. कारखान्याच्या गेटवर लाउडस्पीकरवरून पाळ्या पुकारण्यात माझी उमर गेली. शाळा सातवीतच सुटली, पण आवाजाला सर्टिफिकेट लागत नाही.
सेक्रेटरी म्हणाले, फोनवर बोला, पाच मिनिटांचं काम. मी हसलो. पाच मिनिटांत चहा होतो. व्हॉइसओव्हर होत नाही.
मास्तरांना सांगितलं, निर्धास्त राहा. सातवा मजला माझ्यावर सोपवा.

७ जून
माळ्यावरून माइक काढला. कारखाना फेकून देत होता, तेव्हा मी आणून ठेवला होता. ही तेव्हा म्हणाली होती, भंगार. आता बोलावं.
मुलाचा जुना लॅपटॉप. बटण हिने दाबायचं ठरलं, कारण माझ्या हातून काही पुसलं जाईल अशी भीती वाटते.
ऐकलं. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. वरून सुं-सुं. आणि मध्येमध्ये एक शिट्टी. ‘आठवा’ला नाही, ‘सहावा’ला आहे, ‘सातवा’ला तर कुत्री गोळा व्हावीत इतकी. ही दातांबद्दल काहीतरी म्हणाली. बायकांना मशीनमधलं काय कळणार.

९ जून
माइकवाल्याच्या दुकानात. भला माणूस, काका काका करतो. त्याने समजावलं ते असं: माइकमधून आवाज फार लहान निघतो. त्याला मोठा करणारा डबा म्हणजे प्रीअँप. जुन्या माइकला तर ताकदवान डबा लागतो. डबा हलका असला की आवाजाबरोबर सुं-सुंही मोठी होते.
म्हणजे माझ्यात दोष नव्हताच. जन्मभर मला प्रीअँप मिळाला नाही, एवढंच.
छोटा डबा वापरून बघायला आणला.

१० जून, दुपार
सुं-सुं गेली. शिट्टी जास्त स्पष्ट झाली. हलका माल.
फ्रिजची घरघर येऊ नये म्हणून फ्रिज बंद केला होता. चालू करायचा राहिला. दूध नासलं. हिने नासलेल्या दुधाचं पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं आणि हातात पिशवी दिली. नवं दूध आणायला गेलो.

१३ जून
भयंकर गोष्ट कळली. डब्यावर एक बटण आहे, फँटम. त्यातून माइकमध्ये अठ्ठेचाळीस व्होल्ट जातात. माइक तोंडापासून चार बोटांवर. तोंडात तार.
माइकवाल्याला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या माइकला ते लागतच नाही, बटण बंदच ठेवा आणि चालू राहिलं तरी तोंडात काही येत नाही. ‘तरी’ म्हणाला. म्हणजे खात्री नाही.
खबरदारी म्हणून कवळी काढून रेकॉर्डिंग केलं. ‘हातवा महला’ असं काहीसं आलं. ही जमिनीवर बसून हसली. पण शिट्टी साफ गेली. हा फँटम बंद ठेवल्याचा गुण.
कवळी घालून पुन्हा केलं. शिट्टी हजर. बटण आपोआप चालू होत असावं. डबा परत करणार.

१७ जून
ट्यूबवाला प्रीअँप आणला. आत काचेची नळी आहे, ती पेटते. वजन बाळंतविड्याएवढं नाही, बाळाएवढं. माइकवाला म्हणाला, याने आवाजाला ऊब येते. आधी तापू द्यायचा. हा मात्र वापरून बघायला देत नाहीत, विकतच घ्यावा लागतो. घेतला.
हिने किंमत विचारली. मी म्हणालो, मैत्रीला किंमत नसते. ही म्हणाली, मैत्रीला नसते, डब्याला असते.

१९ जून
नियम केले. रेकॉर्डिंगच्या वेळी कुकर लावायचा नाही. पंखा बंद. भांडी वाजवायची नाहीत. मी कपड्यांच्या कपाटात रजया अंगाभोवती घेऊन बसणार, म्हणजे आवाज घुमत नाही. ही बाहेरून बटण दाबणार.
ट्यूब तापली. मीही तापलो. घामाने चष्मा सरकत होता. शिट्टी आहेच. कुकर लावलाय का म्हणून कपाटातून तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा हिने कपाटाचं दार उघडलं.
“अहो, शिट्टी तुमच्या दातांची आहे. दंतवैद्याकडे चला.”
मी शांतपणे सांगितलं की ट्यूब नवी आहे, रुळायला वेळ लागतो. दार लावून घेतलं. बीपीची गोळी घेतली.

२१ जून
मास्तर आले होते. म्हणाले, “मित्रा, एकदा सातवा म्हणून टाक आणि मोकळा हो. मला काय गाण्याची मैफल ऐकायची आहे?”
मला वाईट वाटलं. माणसाला दिसत नाही, म्हणून त्याला कसंही ऐकवायचं का? जे एकच उरलंय ते तरी नीट द्यावं. मास्तरांना हे बोललो नाही. त्यांचा वजीर मारला.

२४ जून
मास्तर आठव्यावर उतरले. चूक कळल्यावर लिफ्टची वाट न पाहता जिना चाचपत खाली येत होते. शेवटच्या पायरीवर पडले. गुडघा सोलला, मनगट सुजलं. मीच पट्टी बांधली. लेकीला सांगू नकोस म्हणाले. ती येईल तेव्हा लांब बाह्यांचा शर्ट घालणार आहेत.
जेवण गेलं नाही. ही म्हणाली, आजच रेकॉर्डिंग देऊन टाका, जसं आहे तसं. मी म्हणालो, आता तर जास्तच नीट द्यायला हवं. हिने माझं ताट उचलून नेलं.
निश्चय: उद्यापासून युद्धपातळीवर. ट्यूबपेक्षा वरचा एक प्रीअँप असतो म्हणे.

२७ जून
मेकॅनिक उद्या येणार. सेक्रेटरींना सांगितलं, पुढच्या आठवड्यात बोलवा. ते म्हणाले, तो त्याच्या मर्जीने येतो, आमच्या नाही. उद्या चुकला तर लेक येऊन जाईल.
ठीक आहे. सकाळी दुकान उघडताच वरचा प्रीअँप आणतो, दुपारपर्यंत रेकॉर्डिंग, चारला मेकॅनिक. सहज जमेल.

२८ जून
माइकवाला वरचा प्रीअँप द्यायलाच तयार नाही. म्हणाला, “काका, लिफ्टचा स्पीकर तळहाताएवढा असतो. त्यातून फरक कळणार नाही.” धंदा कसा चालतो याचा, देव जाणे.
दुपारपर्यंत हुज्जत घालून घरी आलो तर मेकॅनिक दोनलाच येऊन गेला होता. हिने त्याला लॅपटॉपमधलं रेकॉर्डिंग देऊन टाकलं. कुठलं म्हणून विचारलं. ही म्हणाली, कपाटातलं, मजल्यांची नावं दिसली ती दिली. मी म्हणालो, ती चाचणी होती. ही म्हणाली, तुमचं दुसरं काय आहे?
संध्याकाळी खाली गेलो, येताना लिफ्ट टाळली. जिन्याने चढलो.

२९ जून
लिफ्टमध्ये बसलो. कुणी नव्हतं, ते बरं.
दुसरा: “दुसरा मजला. अगं, पंखा बंद कर.”
तिसरा: “तिसरा मजला. फ्रिज चालू केलास का?”
पाचवा: “पाचवा मजला. नको, चहा नंतर.”
सातवा: शिट्टी. “सातवा.” शिट्टी. “सातवा मजला. ही शिट्टी कुठून येतेय?”
बिल्डिंगमधली पोरं खालीवर जात आहेत. प्रत्येक मजल्यावर मागून उत्तर देतात. कुणाच्या तोंडाकडे बघायची सोय राहिली नाही. शिट्ट्यांवरून एवढंच कळतं की त्या दिवशी ट्यूब पुरती तापली नव्हती.

३० जून
मास्तरांची लेक आली. रिकामी मोठी बॅग घेऊन.
तिने वडिलांना लिफ्टमध्ये एकटं सोडलं आणि आपण जिन्याने निघाली, बघायला. मी आधीच सातव्यावर जाऊन भिंतीला टेकून उभा. लिफ्ट तिसऱ्यावर थांबली, मास्तर उतरले नाहीत. पाचव्यावर थांबली, नाहीत. मग दार उघडायच्या आधीच शिट्टी ऐकू आली. मास्तर बाहेर पडले, भिंत चाचपत दाराशी गेले, किल्ली लावली. लेक धापा टाकत वर पोचली तेव्हा आतून विचारलं, चहा घेणार का?
लेकीने खोदून विचारलं, कसं कळलं. मास्तर म्हणाले, तिसऱ्यावर फ्रिज, पाचव्यावर चहा, आणि शिट्टी झाली की उतरायचं.
लेक मला म्हणाली, काका, शिट्टी मुद्दाम ठेवलीत ना? मी हो म्हणालो. ही शेजारीच उभी होती. तिला खोकला आला.
बॅग रिकामीच परत गेली. जाताना लेक माझ्या पाया पडली. मी तिला म्हणालो, हे कच्चं आहे, पक्कं लवकरच टाकतो.

५ जुलै
हिने बळजबरीने दंतवैद्याकडे नेलं. कवळी पुढे किंचित सैल होती. घासून बसवून दिली. घरी येऊन सहज माइक लावला. शिट्टी नाही!
ट्यूब शेवटी रुळली. ही कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेली.
सगळे मजले एका बैठकीत. स्वच्छ, गोल, उबदार. कारखान्यातही असा लागला नव्हता आवाज.

९ जुलै
मेकॅनिकने पक्कं रेकॉर्डिंग बसवलं. दिवसभर कुणीच काही बोललं नाही. उत्तम काम दिसत नाही, तसंच हेही असावं.
डावाची वेळ झाली, मास्तर नाहीत. वाट पाहिली. मग वॉचमन त्यांना हाताला धरून घेऊन आला. पाऊण तास लिफ्टमध्ये होते. सातव्याला दार उघडलं, मिटलं. आठव्याला, तळाला, पुन्हा सातव्याला. शिट्टीची वाट बघत उभे होते. घोषणा चालू होती, पण कुणीतरी रेडिओ लावलाय असं त्यांना वाटलं.
“माझी शिट्टी कुठे गेली रे?” म्हणाले.
डाव मांडला. ते सोंगट्या नुसत्या चाचपत बसले. मी मुद्दाम हरलो, त्यांना कळलंही नाही.

१० जुलै
सेक्रेटरींकडे स्वतः गेलो. जुनं परत टाका म्हणालो. ते म्हणाले, सकाळपासून तुम्ही सतरावे.

१३ जुलै
जुनं लागलं. खालून पोरांचं उत्तर ऐकू आलं, फ्रिज चालू आहे काका.
मास्तर वेळेवर आले आणि मला हरवलं. खरंखुरं.
ट्यूब प्रीअँप माइकवाला परत घेत नाही. कपाटात ठेवला तर ही रजया ठेवायला जागा मागते. म्हणून पलंगाशेजारी ठेवला आहे. चालू केला की वरून छान कोमट राहतो. त्यावर कवळीची वाटी ठेवतो. सकाळी दात थंड लागत नाहीत.
मी पहिल्यापासून म्हणत होतो, प्रीअँप चांगला हवा.